अंगाला बसलेली गाडी

ऑक्टोबर २०२१ मध्ये बजाजची डोमिनार ४०० नव्या रूपात आली तेव्हा इंजिन तेच होतं, सांगाडा तोच, ब्रेकही तेच. नवं होतं ते वरचं सामान. समोर उंच काच, मुठींपुढे हँडगार्ड, इंजिनाखाली बॅशप्लेट, बाजूला लेगगार्ड, मागे कॅरिअर, मागच्या माणसाला टेकायला बॅकरेस्ट आणि मोबाइलसाठी यूएसबी. दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत तेव्हा २ लाख १६ हजारांच्या वर होती. यातली एकही वस्तू कंपनीच्या डोक्यातून निघालेली नव्हती. डिसेंबर २०१६ मध्ये ही गाडी पहिल्यांदा विक्रीला आली तेव्हापासून तिचे मालक हेच सामान पदरचे पैसे घालून लावत होते. कुणी पुण्याच्या नाना पेठेतून, कुणी दिल्लीच्या करोल बागेतून, कुणी ऑनलाइन मागवून. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली गाडी गिऱ्हाइकाच्या दारात यायची आणि थोड्याच दिवसांत तीसेक किलोमीटरवरच्या नाना पेठेत जाऊन उभी राहायची. पाच वर्षं हे बघितल्यावर कंपनीने ते काम आपल्याकडे घेतलं.

मोटारसायकलींच्या इतिहासात हे पूर्वीही झालेलं आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या क्रेग व्हेटर या डिझायनरने १९७१ मध्ये ‘विंडजॅमर’ नावाची फायबरग्लासची फेअरिंग विकायला काढली. वारा अडवणारं हे आवरण बहुतेक मोठ्या गाड्यांना बसायचं. होंडाची गोल्डविंग १९७५ मध्ये बाजारात आली ती उघडीच, वाऱ्याला आडोसा म्हणून काही नाही. लोकांनी गाडी होंडाची घेतली आणि तिच्यावर विंडजॅमर चढवली. व्हेटरचा धंदा एवढा वाढला की एका टप्प्यावर अमेरिकेच्या मोटारसायकल उद्योगात हार्ली-डेव्हिडसनच्या खालोखाल त्याच्या कंपनीचा नंबर लागायचा. शेवटी १९८० मध्ये होंडाने गोल्डविंगची ‘इंटरस्टेट’ आवृत्ती आणली. फेअरिंग आणि सामानाच्या पेट्या आता कारखान्यातूनच लावून येऊ लागल्या.

म्हणजे गाडी कुठे अपुरी पडते हे गिऱ्हाईक आधी दाखवून देतं आणि कंपनी सावकाश शिकते. पण शिकते ती सगळंच शिकत नाही. काच, गार्ड, कॅरिअर या वस्तू सगळ्यांच्या गाड्यांना सारख्याच बसतात, म्हणून त्या साच्यातून काढता येतात. चालवणाऱ्याची पाठ, हाताची लांबी, मांडीची उंची साच्यातून काढता येत नाही. लांब पल्ल्याच्या गाडीवर पहिला पैसा तिथे पडायला हवा. प्रत्यक्षात तो तिथे सगळ्यात शेवटी पडतो, तोही पाठ धरल्यावर.

स्पोर्ट्स टूरर ही जातच तडजोडीची. बीएमडब्ल्यूची १९७६ ची आर१००आरएस ही तिची मूळपुरुष मानली जाते. हान्स मूट या डिझायनरने आखलेली आणि इटलीत पिनिनफारिनाच्या विंड टनेलमध्ये तपासून घेतलेली पूर्ण फेअरिंग या गाडीला कारखान्यातूनच होती. वेगात चालवा आणि दिवसभर चालवा, असा तिचा दावा. अंग किंचित पुढे झुकलेलं, पाय किंचित मागे, रेसच्या गाडीइतकं वाकायचं नाही आणि बुलेटवर बसतात तसं ताठही बसायचं नाही. आपल्याकडे २००३ ची करिझ्मा, मग पल्सर २२०, मग ३७३ सीसीची डोमिनार अशी ही वाट चालत आली. डोमिनार १८० किलोंच्या वर वजनाची, सतरा इंची चाकांची, २०१९ पासून ४० पीएस ताकदीची. आता गंमत अशी, की गाडी घेतल्याबरोबर मालक ही तडजोड मोडायला बसतो. एकाला तिची रेसर करायची असते, तो आरसे काढतो आणि सायलेन्सर बदलतो. दुसऱ्याने लडाखचे व्हिडिओ पाहिलेले असतात, तो लोखंडाचा पिंजरा चढवतो आणि पुढची तीन वर्षं हिंजवडीला ऑफिसला जातो.

महाराष्ट्रात तर ‘स्पोर्ट्स टूरिंग’ म्हणजे काय हेच आधी ठरवायला हवं. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर दुचाकीला बंदी. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवर बंदी. वेगाने जाण्यासारखे जे चांगले रस्ते आहेत तिथे आपल्याला मज्जाव आहे. उरतो तो जुना हायवे आणि बोरघाट, ताम्हिणी, आंबोली, चोर्ला, कोकणातला ६६ नंबर, आणि गावागावांतले रंग उडालेले स्पीडब्रेकर. जर्मनीतल्या ऑटोबानसाठी सांगितलेले उपाय इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. इथली गाडी साठ ते नव्वदच्या वेगात, दर दोन मिनिटांनी ब्रेक लागत, पावसात किंवा चाळीस डिग्रीत चालते. काय लावायचं हे त्यावरून ठरायला हवं.

*

नाना पेठेत सकाळी अकरानंतर गेलात तर बाजार जागा झालेला असतो. हेल्मेटं दुकानाच्या तोंडाशी माळेसारखी टांगलेली, लेगगार्ड हुकांना लटकलेले, सीटकव्हरच्या चळती, आणि काम दुकानात न होता रस्त्यातच, स्टँडला लावलेल्या गाडीपाशी उकिडवं बसून. काउंटरवरचा पहिला प्रश्न असतो, “कुठली गाडी, दादा?” दुसरा, “मॉडेल कितीचं?” तुमची उंची किती, मागे कोण बसतं, एका दमात किती किलोमीटर चालवता, हे कुणी विचारत नाही. लगेच माल समोर येऊ लागतो. आधी लाइट, मग हॉर्न, मग गार्ड, ग्रिप, टँकपॅड, स्टिकर. क्रम धंद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. या वस्तू दिसतात, अर्ध्या तासात लागतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, लोक मागतात तेच तो विकतो.

ज्याला पैसेच लागत नाहीत असं काम मात्र इथे कुणी सुचवत नाही. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर हँडलवर ज्या कड्याने आवळलेले असतात ते कडं सैल करून लिव्हर खालीवर फिरवता येतात. नेहमीसारखं बसायचं, हात सरळ मुठीवर ठेवायचे आणि बोटं लांब करायची. लिव्हर बोटांच्या रेषेतच यायला हवा. तो वर राहिला तर दर वेळी मनगट मागे मोडावं लागतं. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर हे शेकडो वेळा होतं आणि माणूस म्हणतो, गाडी हाताला जड आहे. गिअर लिव्हरचंही तसंच. जाड रायडिंग बूट घातल्यावर पाय लिव्हरखाली शिरत नसेल तर जोडदांड्याचे दोन नट फिरवून तो उचलता येतो. एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात. मेस्त्रीला यात काही मिळत नाही, त्यामुळे त्याच्याकडून ते निघत नाही.

पुढचा टप्पा हँडलचा. मान आणि खांदे भरून येत असतील तर रायझर लावतात, म्हणजे हँडल आणि त्याची बैठक यांच्यामध्ये ॲल्युमिनिअमचे ठोकळे घालून हँडल वीस-पंचवीस मिलिमीटर वर आणि थोडं मागे घेतात. काम साधं दिसतं, पण त्या हँडलला क्लचची केबल, ब्रेकची नळी आणि स्विचच्या वायरी जोडलेल्या असतात आणि कंपनीने त्यांची लांबी मोजून ठेवलेली असते. रायझर बसल्यावर गाडी चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून बघायचं. वळवताना इंजिनाचा आवाज चढला तर एक्सिलरेटरची केबल ताणली गेली आहे. असं हँडल घेऊन घाटातल्या हेअरपिनवर जाणं म्हणजे वळता वळता गाडीने आपोआप वेग घेणं. ज्या नव्या गाड्यांत केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आला आहे तिथे आवाज चढणार नाही, पण वायरींचा जुडगा ताणतोच. जुलै २०२५ मध्ये खुद्द बजाजने डोमिनारच्या हँडलचा आकार लांबच्या प्रवासासाठी म्हणून बदलला. रायझरवाल्यांचं म्हणणं साडेआठ वर्षांनी का होईना पोचलं म्हणायचं.

सीटबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे फुकट जातात. शोरूममध्ये जी सीट मऊ लागते ती दोनशे किलोमीटरनंतर छळते. मऊ फोम वजनाखाली पूर्ण दबतो आणि मग बसणारा फोमवर नसून खालच्या प्लास्टिकच्या पाटीवर बसलेला असतो. म्हणून लांबच्या प्रवासाला घट्ट, जास्त घनतेचा फोम लागतो. पहिल्या दिवशी तो लाकडासारखा वाटतो आणि तीनशेव्या किलोमीटरला बरा वाटतो. बाजारात जेलच्या गाद्या भरपूर मिळतात. दाब वाटून देण्याचं काम त्या चांगलं करतात, पण जेल उष्णता धरून ठेवतं. मे महिन्यात सोलापूर रस्त्यावर ढाब्याबाहेर उन्हात अर्धा तास उभ्या केलेल्या गाडीवरच्या जेलच्या गादीवर बसून पाहावं. आपल्या हवेत त्यापेक्षा जाळीदार कव्हर बरं, ज्यातून हवा खेळते आणि पाऊस पडला तर पाणी खाली निथळतं.

आणि उंची. डोमिनारची सीट जमिनीपासून ८०० मिलिमीटर. पाच फूट दोन-तीन इंच उंचीच्या माणसाला, आणि यात बायका पुष्कळ आहेत, सिग्नलला पाय टेकवताना धाकधूक होते. सीटवाला लगेच वरून फोम तासायला निघतो. तसं केलं की पाय टेकतात, पण जिथे हाडं टेकतात तिथलाच फोम जातो. पाय जमिनीला पोचण्याच्या आड बऱ्याचदा सीटची उंची येत नाही, टाकीजवळची रुंदी येते. मांड्या फाकल्या की पायाची लांबी तेवढी कमी होते. टाकीला लागून असलेले सीटचे दोन्ही खांदे तासून घेतले तर फोम शाबूत राहतो आणि पाय खाली येतात. कॅम्पातला असो की कोल्हापुरातला, चांगला सीटवाला गाडीवर तुम्हाला बसवून खडूने खूण करतो आणि मगच रेक्झिन उसवतो. शिंप्याने माप न घेता शिवलेला सदरा आपण घेत नाही, सीट मात्र बिनदिक्कत घेतो.

काही जण मागचा शॉक बसतो तिथली लिंक बदलून गाडीच खाली उतरवतात. मग गाडी स्पीडब्रेकरला घासते हा झाला एक भाग. दुसरा कुणी सांगत नाही. गाडी खाली आली पण साइड स्टँड तेवढाच लांब राहिला, म्हणजे गाडी आता जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा उताराच्या जागी वाऱ्याच्या झोताने पलीकडच्या अंगाला पडते. लिंक बदलायची तर स्टँडही तेवढा कापून पुन्हा वेल्ड करावा लागतो.

*

समोरची काच जितकी उंच तितका वारा कमी, असं वाटतं. तसं नाही. काचेच्या वरच्या कडेपाशी वारा फाटतो आणि त्याचे भोवरे होतात. कड छातीच्या पातळीला असेल तर डोक्यावर स्वच्छ वारा येतो. कड डोळ्यांच्या बरीच वर असेल तर डोकं आडोशाला राहतं. पण ती मधेच, हनुवटीच्या आसपास भोवरे सोडू लागली की हेल्मेट थडथडतं, कानात ढोल वाजतो आणि दोन तासांत डोकं उठतं. एकाच काचेने एकाला आराम मिळतो आणि त्याच्यापेक्षा चार इंच उंच मित्राला डोकेदुखी, ती यामुळे. मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कुणी नसताना, सत्तरच्या वेगात फूटपेगवर क्षणभर उठून बघितलं की कळतं. उठल्यावर आवाज एकदम साफ झाला तर दोष हेल्मेटचा नाही, काचेचा आहे. मग उंच काच घेण्याऐवजी आहे ती थोडी आखूड करणं किंवा तिच्या खालच्या बाजूने वाऱ्याला फट ठेवणं जास्त उपयोगाचं, कारण काचेमागे जो कमी दाबाचा खड्डा पडतो तो त्या फटीने भरतो.

विजेच्या कामात मात्र माझी सहनशीलता संपते. जादा लाइट लावायला दिलेली गाडी घरी आणून टाकीखाली हात घालून बघावा. बहुतेक वेळा हेडलाइटची वायर मधेच सोलून, त्यावर नवी वायर पिळून, वर काळी टेप गुंडाळलेली असते. पहिल्या पावसात ताम्हिणीत तीन तास गाडी भिजली की टेपचा डिंक सुटतो, पाणी आत जातं, तांबं हिरवं पडतं. मग लाइट लुकलुकायला लागतो आणि वाईट दिवस असेल तर मूळ हेडलाइटचा फ्यूजही उडतो, तोही रात्री.

हिशेब अवघड नाही. गाडीची वीज बारा व्होल्टची. वीस-वीस वॅटचे दोन लाइट म्हणजे चाळीस वॅट, बाराने भागलं की तीनेक अँपिअर. चाळीस-चाळीसचे असतील तर सहा-सातच्या घरात. हेडलाइटच्या स्विचमधून किंवा त्याच्या बारीक वायरीतून हा जादा भार न्यायचा नसतो, त्यासाठी रिले असतो. अंगठ्याएवढी काळी डबी, खाली चार पिना, त्यांच्यावर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे कोरलेले. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघालेली जाड वायर आधी फ्यूजमध्ये जाते, आणि हा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात असावा लागतो, म्हणजे पुढे कुठेही वायर घासून उघडी पडली तरी आग लागण्याआधी तो उडतो. तिथून वायर ३० ला. ८७ वरून लाइटला. ८६ ला चावी फिरवल्यावरच वीज येणारी वायर, हँडलवरच्या स्विचमधून आलेली. ८५ अर्थिंगला. जोड पिळून करायचे नाहीत, क्रिंप करून त्यावर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवायची. स्टिअरिंगच्या मानेपाशी वायरीला थोडा सैल वळसा ठेवायचा, नाहीतर हँडल वळवून वळवून ती वर्षभरात आतल्या आत तुटते. एवढं करणारा मेस्त्री अर्ध्या तासाचं काम दोन तासांत करतो आणि मजुरी जास्त मागतो. ती द्यावी. हल्ली तयार हार्नेसही मिळतात, वायर न कापता कपलरमध्ये बसणारे. गाडी वॉरंटीत असेल तर तेच घ्यावेत, कारण कापलेली वायर दिसली की सर्व्हिस सेंटरला हात वर करायला निमित्त मिळतं.

लाइट कुठे रोखलेत यावर इतरांचा जीव असतो. पावसाळ्यात आंबोलीत समोरून चार सूर्य लावून येणारी मोटारसायकल भेटली नाही असा प्रवास विरळा. पिवळा उजेड धुकं भेदतो ही समजूत पक्की आहे, पण खरी नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुक्यात उपयोग होतो तो खाली बसवलेल्या, रुंद पसरणाऱ्या आणि वरून कापल्यासारखी सरळ कड असलेल्या झोताचा. पिवळ्याने डोळ्यांवर तिरीप जरा कमी येते, इतकंच. आणि सामान लादल्यावर एक गोष्ट सगळे विसरतात. मागे माणूस, दोन बॅगा, वर बॉक्स, की गाडीची शेपटी खाली बसते आणि हेडलाइट आकाशाकडे जातो. मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, दोन घरं वाढवायचा. तो त्यासाठीच दिलेला असतो.

*

सामानाच्या पेट्यांची गोष्ट रेसच्या मैदानातून आलेली आहे. ज्युसेप्पे व्हिझेन्झी हा इटालियन ग्रां प्री रेसर. त्याने १९७८ मध्ये ब्रेशाजवळ ‘जिव्ही’ ही कंपनी काढली, आणि आज जगभर टूरिंगवाल्यांच्या गाडीमागे दिसणाऱ्या कडक पेट्यांत तिचं नाव मोठं आहे. आपल्याकडे कापडी बॅगा जास्त चालतात. बंगळुरूची व्हायाटेरा, मुंबईची रायनॉक्स ही नावं आता हायवेवरच्या चहाच्या टपऱ्यांवर उभ्या गाड्यांवर सर्रास वाचायला मिळतात. माझं मत विचाराल तर घाटातल्या रस्त्यांना कापडीच बरी. हलकी असते, गाडी पडली तर पेटीच्या कडेखाली पाय सापडत नाही, आणि मुक्कामाला खांद्यावर टाकून जाता येतं. टॉपबॉक्स शहरात हेल्मेट ठेवायला उत्तम, पण त्याची जागा मागच्या चाकाच्या धुरेच्याही मागे आणि वर. तिथे आठ-दहा किलो ठेवले की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात गाडीचं तोंड डुलायला लागतं. जड सामान खाली आणि जमेल तितकं बसणाऱ्याच्या जवळ. पाना-पोपट, पंक्चरचा संच, पाण्याची बाटली बॅगच्या तळाशी. वर कपडे.

कापडी बॅगेला स्टे लागतो, म्हणजे बॅग चाकात किंवा सायलेन्सरवर जाऊ नये म्हणून बाजूला लावलेली लोखंडी चौकट. तो बसवताना मेस्त्री पहिल्यांदा साडीगार्ड काढून बाजूला फेकतो. आडवा येतो ना! पोरांनाही तो नकोच असतो, गाडी ‘अंकल’ दिसते म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मात्र तो गाडीवर असलाच पाहिजे असं सांगतो. मागच्याला धरायला मूठ, पायाला फूटरेस्ट, आणि मागचं चाक निदान अर्धं झाकेल असं आवरण. साडीचा पदर, ओढणी, रेनकोटचा घोळ चाकात जाऊन झालेले अपघात आपल्या गावागावांत आहेत. साडीगार्ड ठेवून त्याच्या बाहेरून बसणारे स्टेही मिळतात, थोडं शोधावं लागतं.

कायद्याचा विषय निघालाच आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘दर बदलामागे’ हे शब्द वाचून अंगावर काटा येईल असे मालक माझ्या ओळखीत आहेत. ज्या एआरएआयमध्ये गाड्या तपासून मंजूर होतात ती संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. टेकडीवर मंजूर झालेली गाडी खाली पेठेत येऊन वेगळीच होते आणि दोन्हीकडे धंदा जोरात चालतो. व्यवहारात बॅग, मोबाइल होल्डर, सीटकव्हर यांच्या वाटेला कुणी जात नाही. पकडलं जातं ते तीन गोष्टींसाठी: सायलेन्सर, लाइट आणि नंबरप्लेट.

सायलेन्सरवाल्यांची बाजू मी समजून घेण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. १७५ सीसीवरच्या मोटारसायकलला कारखान्यात मंजुरी मिळताना आवाजाची मर्यादा ८० डेसिबल. ती गाठायला कंपनी जी नळी आखते ती इंजिनाच्या हिशेबानेच आखलेली असते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस६ गाडीत एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि ऑक्सिजन सेन्सरही, जो किती पेट्रोल सोडायचं हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो. ही साखळी तोडून कुणीतरी वेल्ड केलेला डबा लावला की आवाज येतो, ताकद येतेच असं नाही, आणि पेट्रोल मात्र जातं. जप्त केलेले सायलेन्सर रांगेत मांडून त्यावर रोडरोलर फिरवण्याचा कार्यक्रम पोलिस अधूनमधून करतात. वर्तमानपत्रात फोटो येतो, आठवडाभर शांतता असते. टूरिंगला तर हा आवाज मुळीच परवडत नाही. सहा तास तोच घोंगाट कानात घेतलेला माणूस मुक्कामाला पोचतो तेव्हा बोललेलं त्याला ऐकू येत नाही.

टायरबद्दल एवढंच. डोमिनारला मागे १५०/६० आहे म्हणून १६० किंवा १७० घालायची खुमखुमी येते, ‘भारदस्त’ दिसतं म्हणून. रिम तेवढीच राहिली की रुंद टायर कडांनी चिमटला जातो, त्याची गोलाई बदलते आणि घाटात गाडी वळायला आळशी होते. मापं तीच ठेवून चांगल्या दर्जाचा टायर घ्यावा, हवा सकाळी टायर थंड असताना तपासावी.

मोबाइलचा होल्डर किरकोळ वाटतो, पण सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने जाहीर सूचना काढली, की ताकदवान मोटारसायकलीच्या हँडलची थरथर थेट फोनला लागली तर कॅमेऱ्याची फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. तेव्हापासून रबरी डॅम्पर बसवलेल्या होल्डरांची विक्री जोरात आहे. रस्ता दाखवायला जुना, कॅमेऱ्याची फिकीर नसलेला फोन वापरणं हा त्याहून स्वस्त मार्ग.

विम्याचंही सांगून ठेवतो, कारण हे कुणी वाचत नाही. कंपनीच्या किमतीत नसलेलं सामान पॉलिसीत वेगळं दाखवलं नसेल, तर गाडी चोरीला गेल्यावर किंवा पडल्यावर त्याचे पैसे मागता येत नाहीत. बिलं जपून ठेवावीत, नूतनीकरणाच्या वेळी सामानाची यादी द्यावी, जादा हप्ता भरावा. कायद्यात न बसणारा बदल केला असेल तर ही यादी देण्याची हिंमत कुणाची होत नाही, आणि मग अपघातानंतर सर्व्हेअर गाडीभोवती एक फेरी मारतो आणि सगळं स्वतःच लिहून घेतो.

गाडी विकताना या सामानाची खरी किंमत कळते. सेकंड हँडच्या बाजारात ऐंशी हजारांचं सामान लावलेली गाडी आणि कोरी गाडी यांच्या भावात जेमतेम चार-पाच हजारांचा फरक पडतो, कधी तोही उलट दिशेने, कारण घेणाऱ्याला कापलेल्या वायरीची भीती असते. म्हणून जाणती मंडळी मूळ सायलेन्सर, मूळ आरसे, मूळ सीट, साडीगार्ड असं सगळं माळ्यावर गुंडाळून ठेवतात. गाडी विकायची ठरली की एक रविवार घालवून तिला पुन्हा कंपनीच्या रूपात आणतात आणि काढलेलं सामान वेगळं विकतात. त्यात लाइट आणि गार्ड दोन दिवसांत जातात. स्वतःच्या मापाने तासून घेतलेली सीट मात्र कुणी घेत नाही.